उभी गाडी

संमतीपत्रावर चार सह्या हव्या होत्या आणि सकाळचे साडेनऊ वाजले तरी एकही झाली नव्हती. दादांनी स्वतःची सही मुद्दाम मागे ठेवली होती. घरातल्या थोरल्याने शेवटी सही करावी, म्हणजे तिला वजन येते, असे त्यांचे मत होते. वजनाच्या बाबतीत त्यांचे मत मानायला हरकत नव्हती, कारण बत्तीस वर्षे त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती.

कागद साधा होता. वडिलांची हिरवी गाडी बुधवारी वाहन संग्रहालयाच्या नव्या दालनात जाणार, ती कायमची. तिच्यातले ऑइल, पाणी, पेट्रोल काढून टाकणार, बॅटरी उतरवणार, चाकांखाली लाकडी ठोकळे देणार आणि भोवती काच उभी करणार. समोर पितळी पाटी. पाटीचा मजकूर दादांनी सात वेळा लिहून खोडला होता. आठव्या वेळी वरच्या ओळीत गुरांच्या डॉक्टरांचे, म्हणजे वडिलांचे नाव आले आणि खालच्या ओळीत ‘तेवीस वर्षे एक किलोमीटरही न चालवता गाडी जतन करणारे ज्येष्ठ चिरंजीव’ असे दादांचे. खालची ओळ वरच्यापेक्षा बरीच लांब झाली होती, पण त्याला इलाज नव्हता.

दादांना ती पाटी हवी होती. इतकी की गेले पंधरा दिवस त्यांना नीट जेवण गेले नव्हते. हे उघड बोलायचा संकोच वाटे म्हणून ते ‘वारसा’ हा शब्द वापरत.

पेन आधी धाकट्याकडे गेले. धाकटा दातांचा डॉक्टर. माणसाला आ करायला लावून मग प्रश्न विचारायची त्याची सवय. आज मात्र त्याने स्वतःच तोंड मिटून कागद दोनदा वाचला.

“बुधवारीच कशाला पण, दादा?” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात नेली तर नाही चालणार?”

“दालनाचं उद्घाटन शुक्रवारी आहे.”

“मग उद्घाटन झाल्यावर न्या. गर्दीत खरचटते गाडी.”

“आणि काच किती जाडीची आहे?” बेबी म्हणाली. बेबी अठ्ठावन्न वर्षांची होती, एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिच्या दारावरून जाताना शिक्षकसुद्धा चपला वाजवत नसत. घरात ती बेबीच होती. “मी वाचलंय, काचेआड रंग उडतो.”

दादा चक्रावले. वडिलांच्या जेवणाच्या टेबलावरून दोन वर्षांपूर्वी जे झाले त्यानंतर धाकटा आणि बेबी एकमेकांशी वहिनींमार्फत बोलत असत. ‘तिला सांगा मीठ दे’ इथपर्यंत मजल गेली होती. आज ती दोघे एकाच कोचावर बसून एकमेकांची वाक्ये पुरी करत होती. गाडीवरून या घरात तेवीस वर्षांत वाद म्हणून झाला नव्हता. जुन्या गाड्यांच्या मंडळात ‘चालवावी की जपावी’ यावर दरमहा रणधुमाळी होई. चालवणारे जपणाऱ्यांना ‘फडकेवाले’ म्हणत आणि जपणारे चालवणाऱ्यांना काय म्हणत ते लिहिण्यासारखे नव्हते. पण घर एकजात दादांच्या बाजूचे. गाडी बाहेर काढायची नाही म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, त्या अगदी मनापासून.

“आई, तू तरी कर सही.”

“माझा चष्मा सापडत नाही,” आई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता. शहाऐंशीव्या वर्षी माणसाला असले सगळे माफ असते आणि आईंनी ती सवलत पुरेपूर वापरायची ठरवले होते.

तिसऱ्यांदा चहा घेऊन आलेल्या वहिनी ट्रे टेकवता टेकवता म्हणाल्या, “ऑइल काढून ठेवलं तर इंजिन जाम होतं.”

दादांनी चमकून बायकोकडे पाहिले. पस्तीस वर्षांत वहिनींनी चारचौघांत त्यांना विरोध केला नव्हता. तो कार्यक्रम स्वयंपाकघरात होत असे. “हे तुला कुणी सांगितलं?”

“रेडिओवर ऐकलं.”

“सेवानिवृत्तीनंतर रेडिओ मीच ऐकतो दिवसभर. मी नाही ऐकलं.”

“तुम्ही लायब्ररीत गेला होतात तेव्हा लागलं होतं,” वहिनी म्हणाल्या आणि कपात साखर घालू लागल्या.

तेवढ्यात दारात मंडळाचे परीक्षक उभे राहिले. बुटकेसे, शांत गृहस्थ होते. खिशात विजेरी, लांब दांड्याचा छोटा आरसा आणि हातात पातळ मोजे. धाकट्याला ते आपल्याच धंद्यातले वाटले आणि तो उगाच ओळखीचे हसला. परीक्षकांनी गाडी पाहून ती ‘जैसे थे’ गटातली, म्हणजे वर्षानुवर्षे न हलवलेली, न बदललेली असल्याचा दाखला द्यायचा होता. दाखला आणि चार सह्या मिळाल्या की संग्रहालयाचा ट्रक येणार होता.

सगळी वरात गॅरेजकडे निघाली. दादांनी आधी किल्लीचे पाकीट दाखवले. पाकिटाला शिशाचे सील होते, तराजूला लावतात तसे, आणि त्यावर तारीख ठोकलेली. ते त्यांनी पकडीने तोडले. मग त्यांनी जाड नोंदवही उघडली. तेवीस वर्षांची रोजची नोंद: ‘गाडी स्थिर. आकडा ४१३०६.’ रोज तेच आणि तेवढेच, सुवाच्य अक्षरात. आजारपणाचे अकरा दिवस सोडले तर एकही दिवस चुकला नव्हता.

“कमाल आहे,” परीक्षक म्हणाले. ते नोंदवहीबद्दल म्हणाले की दादांबद्दल, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

गाडी खरोखर देखणी होती. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, बाटलीसारखा हिरवा रंग. मागच्या सीटवर एका वासराच्या खुराची खूण होती. वडिलांनी एका आजारी वासराला त्यात घालून आणले होते. त्या खुणेवर दादांनी पारदर्शक कागद चिकटवून शेजारी वर्ष लिहिले होते.

“निरीक्षणातून काही शास्त्रीय गोष्टीही हाती आल्या,” दादा म्हणाले. “उदाहरणार्थ, उभ्या गाडीचं बॉनेट बंद गॅरेजमध्ये आपोआप तापतं. विशेषतः मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. मी मंडळाच्या अंकात लेख लिहिला होता त्यावर.”

“वाचलाय मी तो,” परीक्षक म्हणाले. “तेव्हापासून ही गाडी बघायची इच्छा होती.”

ते खाली वाकले. टायरच्या खाचांतून बोट फिरवले. आरसा गाडीखाली धरून विजेरी मारली. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि उजेडात धरली. दादा प्रत्येक हालचालीबरोबर मान डोलवत होते. बाकीची मंडळी गॅरेजच्या भिंतीला टेकून, परीक्षेचा निकाल लागताना मुले उभी असतात तशी उभी होती.

शेवटी परीक्षकांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि एक काळी केबल बाहेर ओढली. तिचे टोक कशालाच जोडलेले नव्हते.

“किलोमीटरचा आकडा फिरवते ती ही,” ते म्हणाले. “बरीच वर्षं काढून ठेवलेली दिसते. टायर दोनेक वर्षांपूर्वीचे आहेत. ऑइल या हंगामातलं आहे. साहेब, गाडी फार छान ठेवली आहे तुम्ही. पण गेल्या आठवड्यात ही कोणी चालवली?”



“गुरुवारी,” बेबी म्हणाली.

“मंगळवारी,” धाकटा म्हणाला.

दोघांनी ते एकाच क्षणी म्हटले आणि मग एकमेकांकडे वळून पाहिले.

“तू?” धाकटा म्हणाला.

“म्हणजे पेट्रोल तू संपवत होतास,” बेबी म्हणाली. “मी दर वेळी भरून ठेवते आणि पुढच्या गुरुवारी काटा खाली. मला वाटायचं टाकी गळते.”

“आणि तू माझा आरसा हलवत होतीस. दर मंगळवारी मला तो नीट करायला लागतो.”

“मी आरशाला हात लावत नाही.”

“आरसा मी हलवते,” वहिनी हळूच म्हणाल्या. “मला मागचं कमी दिसतं.”

दादा बॉनेटच्या कडेला हात टेकून उभे होते. ऐकू येत होते, पण शब्द एकमेकांना चिकटत नव्हते. बत्तीस वर्षे त्यांनी तराजूच्या तळाशी चिकटवलेली चिंच आणि पोकळ वजने शोधून काढली होती. एका कोळशाच्या वखारीत तर काट्याला बांधलेला केस त्यांनी चष्मा न लावता पकडला होता. आणि इथे त्यांच्या घरात त्यांचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेले असे: सकाळी सहा दहा ते सात पंचवीस फिरणे, मंगळवार-गुरुवार चार ते साडेसहा लायब्ररी, महिन्याचा पहिला शनिवार मंडळात व्याख्यान, विषय ‘गाडी का चालवू नये’. ते त्यांनीच चिकटवले होते, कुणाची गैरसोय होऊ नये म्हणून.

“किल्ली कुठून आली?” त्यांनी विचारले.

सगळ्यांनी आईंकडे पाहिले.

“दुसरी किल्ली माझ्या सुयांच्या डब्यात असते,” आई म्हणाल्या. त्यांना कुणीतरी रंगाच्या डब्यावर बसवले होते. “हे काय विचारणं झालं? गाडीला दोन किल्ल्या असतातच.”

“आणि तू ती सगळ्यांना देत होतीस?”

“एकेकट्याला. प्रत्येकानं शपथ घातली होती, दुसऱ्याला सांगू नकोस म्हणून. मी कशाला सांगू? प्रत्येकाबरोबर मला फिरायला मिळत होतं.”

मग जे एकदा सुटले ते सुटलेच. धाकट्याची मुलगी गाडी शिकली ती हिरवीवर. केबल धाकट्यानेच पहिल्यांदा काढली होती आणि परत लावायला विसरला होता. पुढच्यांनी ती लोंबताना पाहून आपलेच काम सोपे झाले असे समजून मौन पाळले. बेबीने तिच्या घटस्फोटाच्या वर्षी ती पहिल्यांदा बाहेर काढली. “शाळेत कुणापुढे रडता येत नाही, घरी आलं की तुम्ही सगळे तोंडाकडे बघत बसता,” ती म्हणाली. “मी धरणाच्या रस्त्यानं जायचे, आई मागे झोपायची आणि मला हवं तितकं रडता यायचं. नंतर रडायचं संपलं, पण जायची सवय राहिली.” धाकट्याने टेबलाचे भांडण झाल्यापासून प्रथमच बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दादांना त्यातले काही दिसले नाही. त्यांचा आवाज चढला. “म्हणजे माझ्या पाठीमागे, माझ्या घरात, या गाडीत मी सोडून सगळे बसलात.”

“तुम्हीसुद्धा बसलात,” वहिनी म्हणाल्या.

“मी? मी गेल्या तेवीस वर्षांत एकदाही...”

“झोपला होतात, एवढंच. मागच्या सीटवर.” वहिनींनी पदराला हात पुसले, ते कोरडेच होते. “तुम्ही बाथरूममध्ये पडलात त्या दुपारी रुग्णवाहिकावाले म्हणाले, चाळीस मिनिटं लागतील. डॉक्टर फोनवर म्हणाले, वीस मिनिटांत आणा, नाहीतर आणू नका. शेजारच्या शिंप्यानं पाय धरले, मी खांदे धरले. वासराच्या खुरावर डोकं होतं तुमचं.”

 धाकटा आपल्या बुटांकडे पाहत होता. बरे होऊन घरी आल्यावर दादांनी रुग्णवाहिका सेवेला दोन पानी आभारपत्र लिहिले होते. अशा नावाच्या रुग्णाची नोंद सापडत नाही, असे त्यांचे उत्तर आले, तेव्हा दादांनी सार्वजनिक सेवांमधल्या नोंदींच्या ढिसाळपणावर चार पानी दुसरे पत्र पाठवले होते. दोन्ही पत्रे पोस्टात टाकायला वहिनीच गेल्या होत्या.

परीक्षकांनी हातमोजे काढून घडी घातली. “जैसे थे गटाचा दाखला मला देता येणार नाही,” ते म्हणाले. “चालत्या गाड्यांच्या गटात घालायची असेल तर कळवा. उभ्या गाड्या फार बघितल्या मी. बाहेरून चकचकीत असतात आणि आत उंदरांची घरं.” दादांना नमस्कार करून ते निघाले. जाताना त्यांनी गाडीच्या छपरावर तळहात ठेवला.

पाटी गेली. दादांना ते आता कळले. तेवीस वर्षांची नोंदवही रद्दीत टाकायच्या लायकीची झाली होती, आणि हे करणारी माणसे समोर उभी होती, त्यांच्यावर ओरडायचे तर आपण जिवंत आहोत तेही त्यांच्याच उद्योगामुळे. माणसाची याहून वाईट कोंडी होत नाही. त्यांनी शेवटचा आधार काढला, जो ते प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी काढत.

“बाबांचा शब्द होता,” ते म्हणाले. “जाताना म्हणाले होते, गाडी कुणाच्या हाती द्यायची नाही. तो तुम्ही मोडलात.”

“असं नव्हते म्हणाले ते,” आई म्हणाल्या.

“मी होतो तिथं.”

“तू दारात होतास, औषधाचा पेला घेऊन. मी उशाशी होते.” आईंचा आवाज मऊ झाला होता. “ते म्हणाले, गाडी चालती ठेवा, उभी ठेवलीत तर मरेल. फक्त थोरल्याच्या हाती देऊ नका.”

दादांच्या हातातला पेला त्या दिवशी हिंदकळला होता, तो त्यांना आत्ताही जाणवला. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न विचारता गाडी मागे घेतली होती आणि कुंपणाचा खांब पाडला होता. गाडीला पोचा आला होता, बोटभर. वडिलांनी मारले नाही, रागावलेही नाहीत. ‘तुझा हात नाही,’ एवढे म्हणाले आणि पुढे धाकट्याला शिकवले, बेबीला शिकवले, लग्न होऊन आलेल्या सुनेलासुद्धा शिकवले. दादा गाडी पुसायला गेले तरी, राहू दे, म्हणत. मरताना माणूस काहीतरी माफ करील असे त्यांना वाटले होते, पण तसे झाले नाही. म्हणून वडील गेल्यावर तेराच दिवसांत त्यांनी कुटुंबाला नियम सांगितला. गाडी कुणीच चालवायची नाही म्हटले की एकट्यालाच नाकारली होती हे कुणाला दिसत नाही. पुढे नियमाचे तत्त्व झाले, तत्त्वाची व्याख्याने झाली, आणि त्या वाक्याचा खरा शेवट आपल्याला ऐकू आला होता हे ते जवळजवळ विसरले होते.

“तुला माहीत होतं,” ते आईला म्हणाले. “मग तेवीस वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलून काय झालं असतं? ते होते तेव्हा तुला गाडी पुसायलासुद्धा मिळत नव्हती. ते गेल्यावर तू रोज सकाळी तासभर पुसायचास. मी खिडकीतून बघायचे. म्हटलं, पुसू दे.”

 दादा उगीचच बॉनेट लावायला वळले, ते लागेना. धाकटा पुढे झाला आणि त्याने एक चापट मारून ते बसवले.

“चला, चहा गार झाला,” वहिनी म्हणाल्या. कुणीही हलले नाही.

“तो कागद कुठाय?” दादांनी विचारले.

बेबीने तो पुढे केला. दादांनी खिशातले पेन काढले, टोपण उघडले, खालच्या चार रिकाम्या रेघांकडे पाहिले. मग टोपण परत लावले आणि कागदाची घडी करून नोंदवहीत ठेवली.

“मला येत नाही चालवायला,” ते म्हणाले. चौसष्ट वर्षांत हे वाक्य त्यांनी प्रथमच उच्चारले. मंडळात ते ‘चालवत नाही’ असे म्हणत.

“ते गेले,” आई म्हणाल्या. “आता मी आहे थोरली. मी म्हणते, बस.”

बेबी आणि धाकट्याने आईंना दोन्हीकडून धरून अंगणात नेले आणि तिघेही गाडीकडे पाठ करून कुंपणाच्या वेलाबद्दल बोलू लागली. वेलात पाहण्यासारखे काही नव्हते. दादा पुढे बसले. इतकी वर्षे त्यांनी ही सीट पुसली होती, पण तिच्यावर टेकले नव्हते. चाक वाटले होते त्यापेक्षा मोठे होते. वहिनी शेजारी बसल्या.

“डावा पाय क्लचवर. पूर्ण दाबा. अहो, तो ब्रेक आहे.”

त्यांनी पाय बदलला. वहिनींनी त्यांचा हात धरून गिअरच्या दांड्यावर ठेवला. तो हात सराईत होता, हे दादांच्या लक्षात आले. पस्तीस वर्षे एका घरात राहून त्यांनी बायकोचा हा हात पाहिला नव्हता.

“त्या दिवशी,” ते समोर बघत म्हणाले, “दवाखान्यापर्यंत किती वेळ लागला?”

“अकरा मिनिटं.”

दादांनी मनातल्या मनात अंतराला वेळेने भागले. निरीक्षकाची सवय. उत्तर शहरात कुठल्याही रस्त्यावर परवानगी असलेल्या वेगाच्या दीडपट आले.

“चौकात लाल दिवा असेल.”

“होता. दोन होते.”

“थांबलीस?”

“नाही.”

बत्तीस वर्षांत दादांनी एका ग्रॅमची सूट कुणाला दिली नव्हती. त्यांनी चाकावरची पकड ढिली केली आणि डावा पाय जपून क्लचवर दाबला.

“बरं केलंस,” ते म्हणाले.